हारांची मोजदाद आणि मतदाराची वर्गणी

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, की वाशीमच्या जिल्हाधिकारी कचेरीत एक दरपत्रक सिद्ध होते. चहा, फुलांचा हार, भाड्याची खुर्ची, मांडव, ध्वनिक्षेपक आणि गाडी यांचे भाव त्यात नेमून दिलेले असतात; उमेदवाराने आपल्या वहीत हाराची किंमत कितीही अल्प लावली, तरी खर्च निरीक्षकाच्या हाताखालची माणसे छायानोंदवहीत तोच हार सरकारी दराने मांडून ठेवतात. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करण्याचे बंधन, तो सबळ कारणाविना न दिल्यास ३ वर्षांची अपात्रता, असा सारा बंदोबस्त आहे. मात्र हारांची अशी मोजदाद करणाऱ्या कायद्याने पक्षांच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कसलीच मर्यादा घातलेली नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खाती धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला होता. संसदेने कायदाच बदलून तो निष्प्रभ केला, आणि ही तत्परता तिने पुढे इतर प्रश्नांत दाखविली असती तर देशाचे पुष्कळ कल्याण झाले असते.

या दुखण्यावर सरकारी खजिन्यातून निवडणूकखर्च द्यावा, हा उतारा जुना आहे. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये त्याचा पुरस्कार केला, पण साहाय्य रोख रकमेने न देता वस्तुरूपाने द्यावे आणि ते मान्यताप्राप्त पक्षांनाच मिळावे, अपक्षांना नाही, असे तिचे म्हणणे होते. आजही मान्यताप्राप्त पक्षांना मतदारयादी विनामूल्य मिळते, आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ मिळतो, आणि पक्षाला देणगी देणाऱ्यास आयकराच्या जुन्या प्रणालीत पूर्ण वजावट मिळत असल्याने तिचा काही भार खजिना मुकाट्याने उचलीत असतो. उलट, कारंजा वा रिसोडातून अपक्ष म्हणून उभा राहणारा सामान्य शेतकरी १० हजारांची अनामत भरतो आणि वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्यास ती गमावून बसतो.

निवडणुकीला सार्वजनिक पैसा मिळावा, याविषयी माझे दुमत नाही. तो पक्षाच्या मुख्यालयामार्फत यावा, याला माझी हरकत आहे. जुन्या वाशीम लोकसभा मतदारसंघाने १९७७ मध्ये वसंतराव नाईकांना निवडून दिले, ते या भागाचेच. पण १९८० आणि १९८४ मध्ये त्याच मतदारसंघाने जम्मूच्या डोंगराळ मुलखातील गुलाम नबी आझाद यांना लोकसभेत धाडले. आझादांच्या योग्यतेबद्दल मला काही म्हणावयाचे नाही, परंतु उमेदवार दिल्लीत ठरावा आणि शिक्का तेवढा मंगरूळपीरच्या माणसाने मारावा, ही वहिवाट ज्या केंद्रसत्तेतून उपजली, तिच्याच हाती खजिन्याची थैली दिल्यास पक्षाचा कार्यकर्ता आणि मतदार दोघेही आणखी परावलंबी होतील.

२००९ मध्ये हातकणंगल्यातून राजू शेट्टी लोकसभेवर गेले, तेव्हा ऊस-उत्पादकांनी त्यांना मताबरोबर नोटही दिली होती. उमेदवाराने पाकीट वाटावयाचे आणि मतदाराने रात्री त्याची वाट पाहावयाची, हा रूढ व्यवहार तेथे उलटा झाला. ज्याने वर्गणी दिली, त्याला पुढे जाब विचारण्याचाही हक्क पोहोचला. वाशीमच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्याजवळ मात्र वर्गणीपुरती शिल्लक उरत नाही, आणि खजिन्याची गरज नेमकी तेथे आहे. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१५ मध्ये मतदारांचा कौल घेऊन प्रत्येक नागरिकास २५ डॉलरची ४ कूपने देण्याचे ठरविले. नागरिकाने ती आपल्या पसंतीच्या उमेदवारास द्यावयाची, आणि खर्चाची बंधने स्वीकारलेल्या उमेदवारानेच ती घ्यावयाची. हा पैसा तेथे घरपट्टीतून उभा राहतो. (आपल्याकडे घरपट्टीची थकबाकी हाच ग्रामसेवकाचा कायमचा विषय असल्याने निधीची तरतूद मुंबईलाच करावी लागेल.)

कूपने विकली जातील, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याने राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द करावी लागली. जेथे आख्खे पद बोलीवर जाते, तेथे कूपन किती टिकणार? तथापि हस्तांतर बेकायदेशीर ठरविलेले, मतदाराच्या नावावर नोंदलेले आणि उमेदवाराच्या निवडणूक खात्यातच वटणारे कूपन विकत घेऊन दलालाला लाभ थोडा. त्याला ते अखेर त्याच मतदाराच्या नावाने कोणा उमेदवाराच्या खात्यात भरावे लागेल, आणि तेथे ते लपणार नाही. काही गळती होईलच. आजच्या लक्ष्मीदर्शनाच्या मानाने ती मला सह्य वाटते.

प्रयोग ग्रामपंचायतींपासून करावा. तेथे सदस्यपदाच्या खर्चमर्यादा हजारांत मोजल्या जातात, उमेदवार मतदाराच्या ओळखीचा असतो, आणि ग्रामपंचायतीचा कायदा राज्याचा असल्याने दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. मानोरा तालुक्यातील काही गावे निवडून एका निवडणुकीपुरती कूपने द्यावीत आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांना यासाठी अशासकीय विधेयक मांडता येईल; खजिन्यावर बोजा पडत असल्याने ते संमत होण्यापूर्वी राज्यपालांची शिफारस मात्र लागेल, आणि सरकारच्या मर्जीवाचून ती मिळणे कठीण आहे.

— वत्सगुल्मकर