एका सर्व्हरवर तीस मुले

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात तीस थिन क्लायंट बसवले, तेव्हा सर्वांत खूश मीच होतो. वहीएवढे डबे, आत हार्ड डिस्क नाही. सगळे काम कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर. चार महिन्यांनी एका सकाळी एकाही मुलाला लॉगिन होईना. विंडोज सर्व्हरची रिमोट डेस्कटॉप सेवा परवान्याशिवाय १२० दिवसच चालते. पुढे प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे परवाना घ्यावा लागतो. कोटेशनमध्ये ती ओळच नव्हती. पुरवठादार म्हणाला, "सर, ते वेगळं असतं." प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर होती.

तरीही थिन क्लायंट नकोत, असे मी म्हणणार नाही. गरीब शाळांना तेच परवडतात. पण पूर्वी एक संगणक बिघडला की एक मूल थांबायचे, आता सगळा वर्ग थांबतो. म्हणून वाचलेल्या पैशातून दुसरा सर्व्हर हवाच, आणि मुलांना दोन्हींवर वाटून देणारा कनेक्शन ब्रोकरही. परवाने झेपत नसतील तर लिनक्सवरचा एलटीएसपी १९९९ पासून आहे. त्यात जुने संगणक नेटवर्कवरूनच सुरू होतात.

हे सगळे संस्थेच्या बैठकीत मांडले. अध्यक्ष म्हणाले, "यंदा रंगकाम आहे, सर."