विश्लेषण : गाडीत ‘फुल सिंथेटिक’ ऑइल टाकणं खरंच गरजेचं आहे का?

सर्व्हिसिंगला गाडी दिली की काउंटरवरून प्रश्न येतो, “या वेळी फुल सिंथेटिक टाकू का?” हो म्हटलं तर बिल फुगतं, नाही म्हटलं तर इंजिनाच्या काळजीने जीव टांगणीला लागतो. त्यात मार्च २०२५ अखेर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) पेट्रोल इंजिनांसाठी ‘एसक्यू’ ही नवी श्रेणी लागू केली. मग आधीची ‘एसपी’ तेलं बाद झाली का? तर नाही. मॅन्युअलमध्ये एसएन किंवा एसपी लिहिलेलं असेल, तर एसपीचा डबा आजही चालतो.

‘सिंथेटिक’ म्हणजे नेमकं काय?

डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला हा शब्द खरं तर सगळ्यात कमी माहिती देतो. पूर्वी सिंथेटिक म्हणजे प्रयोगशाळेतल्या रसायनांपासून घडवलेलं तेल, मुख्यतः ‘पीएओ’, असं मानलं जायचं. कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिनटेक’ तेलात त्याऐवजी कच्च्या तेलावर कडक प्रक्रिया करून मिळवलेलं ‘ग्रुप ३’ तेल वापरायला सुरुवात केली, तेव्हा मोबिलने तक्रार केली. १९९९मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून ग्रुप ३ तेलही बिनदिक्कत ‘सिंथेटिक’ म्हणून विकलं जातं.

यात फसवणूक आहे असं नाही. ग्रुप ३ तेल साध्या मिनरल तेलापेक्षा उष्णतेत कमी उडतं, गाळ कमी धरतं आणि थंडीत लवकर वाहतं. पण दोन ‘फुल सिंथेटिक’ डबे सारखेच असतील, असं नाही. ‘सेमी सिंथेटिक’मध्ये तर सिंथेटिकचा वाटा किती, हे बहुधा लिहिलेलंच नसतं.

उन्हाळा कडक, म्हणून जाड तेल?

५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. विदर्भात पारा ४५ वर जातो म्हणून २०डब्ल्यू-५० टाका, असा सल्ला गॅरेजमध्ये अजूनही मिळतो. पण बाहेर नागपूर असो की महाबळेश्वर, थर्मोस्टॅटमुळे इंजिनाचं कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपासच राहतं. तेलाला सोसावी लागणारी उष्णता मुख्यतः इंजिनाची असते, रस्त्यावरची नव्हे.

आजच्या इंजिनांत बेअरिंगमधली फट कमी असते आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. तिथे गरजेपेक्षा जाड तेल टाकलं की मायलेज घटतं आणि सकाळी सुरू केल्यावर तेल वरपर्यंत पोहोचायला उशीर होतो. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असेल, तर काउंटरवरचा प्रश्नच मिटतो. इतकं पातळ तेल साध्या मिनरलमधून व्यवहारात बनतच नाही, ते सिंथेटिकच असतं. जुनं, तेल खाणारं इंजिन असेल तर मॅन्युअलने परवानगी दिलेल्यांपैकी जाड ग्रेड घेता येते.

चूक महागात कुठे पडते?

ग्रेडखालच्या बारीक अक्षरांत. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर जोर मागितला की कधीकधी इंधन वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. एसपी श्रेणी हे टाळण्याची चाचणी पार केलेली असते.

डिझेलवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. काजळी जळून जाते, पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. मॅन्युअलमध्ये ते अनेकदा ‘एसीईए सी२’ किंवा ‘सी३’ असं लिहिलेलं असतं. महागडं पण चुकीचं सिंथेटिक टाकलं, तर फिल्टर वेळेआधी चोंदतो, आणि त्याच्या किमतीत कित्येक सर्व्हिसिंग होतील.

सिंथेटिक टाकलं म्हणून सर्व्हिसिंग लांबवावं का? वॉरंटीत तरी नाही. १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष असं लिहिलं असेल, तर जे आधी होईल ते धरायचं. रोज २-३ किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचं इंजिन पुरेसं तापत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल उतरत राहतं. तिथे किलोमीटरपेक्षा महिने महत्त्वाचे.

बनावट तेलाची भीती असेल तर सील समोर तोडून घ्यावं आणि रिकाम्या डब्याला भोक पाडावं. सर्व्हिस सेंटरमध्ये बरेचदा तेल बॅरलमधून येतं, तिथे डबाच नसतो. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ असेल तर ग्रेड आणि श्रेणी लिहून मागावी, कारण वॉरंटीचा वाद झालाच तर तोच कागद कामी येतो.