वाटाण्याचा वेल आणि तारनाक्याचा चहा

एका अंगास उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आणि दुसऱ्या अंगास संशोधनसंस्थांची लांबच लांब कुंपणे असलेल्या हैदराबादच्या तारनाक्यात राहणाऱ्याला विद्यार्थिवर्गाच्या नाना उपक्रमांचा साक्षीदार व्हावेच लागते. परंतु गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने आणि त्याच्या तीन स्नेह्यांनी आपल्या पहिल्या सरावपटात मलाच नट म्हणून रुजू करून घेतले, तेव्हा साक्षीदाराची जागा सुटून मी एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो.

कथानक बेताचेच होते: एक निवृत्त गृहस्थ परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहत सज्जात चहा पितो. या सहा मिनिटांच्या ऐवजासाठी दोन दिवस खर्ची पडले. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्यामुळे, आणि पेल्यात चहा किती होता याचे टिपण ठेवण्याची जबाबदारी कोणावरच मुक्रर केलेली नसल्यामुळे, संकलनात आधीच्या शॉटात अर्धा असलेला पेला पुढच्या शॉटात काठोकाठ भरलेला निघाला; आणि मी चहा पिण्याऐवजी प्रसवतो आहे, असा चमत्कार पडद्यावर अवतरला. कॅमेऱ्याची उस्तवार करण्यात चौघेही इतके गढून गेले होते की आवाजाकडे कोणाचे लक्षच नव्हते. माझ्या तीन वाक्यांपैकी दोन मेट्रोने गिळली, तिसरे शेजारच्या कुकरच्या शिटीने.

पण खरी चूक वेगळीच होती. आठव्या टेकनंतर मी थकून चष्मा काढला, डोळे पुसले आणि फोनकडे नुसता पाहत राहिलो. कॅमेरा चालूच होता. साऱ्या पटात खरी अशी तेवढीच चाळीस सेकंदे होती, आणि तीच कापली गेली. कारण विचारले तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, ते संहितेत नव्हतं ना!”

या प्रसंगी दादासाहेब फाळके यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१२ साली विलायतेहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टिपून जेमतेम मिनिटभराचा पट केला. तो पाहिल्यावर कर्ज उभे राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. वाटाण्याला संहिता ठाऊक नव्हती. तो उगवेल तसा टिपून घेणे, हाच फाळक्यांचा सराव होता. (आमच्याच शहरातील तिरुमलगिरीचे श्याम बेनेगल यांनी वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांच्या कॅमेऱ्याने पहिला पट केला, आणि १९७४ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कथापटाचे नाव ‘अंकुर’ निघाले, हा योगायोग मला फार गोड वाटतो.)

आज मात्र पट पुरा होण्याआधी त्याची जाहिरात तयार असते, महोत्सवांचे अर्ज भरलेले असतात, आणि अध्यापकही सफाईला गुण देतात. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या सरावपटास सफाईची सक्तीच नसावी. विद्यार्थ्याला एकच वस्तू, महिनाभराची मुदत आणि संवादांस मनाई, एवढ्यावर सोडावे. आणि पटाबरोबर कुठे, काय व कशामुळे बिघडले याची लेखी कैफियत मागून निम्मे गुण तिलाच द्यावेत. अध्यापकांनी हा जाबता एक वर्ष तरी चालवून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

भाच्याच्या पटाची स्पर्धेत वर्णी लागली नाही. पुढच्या सरावासाठी त्याने माझा सज्जा महिनाभर मागितला आहे. नटाची आवश्यकता नाही, असेही सोबत कळवले आहे.