गवतावरचं मांस आणि आपला खिसा

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या बोलण्यात हल्ली 'ग्रास-फेड बीफ' हा शब्द वरचेवर येतो. तिकडे बहुतेक जनावरांना शेवटचे काही महिने कोंडून, मका वगैरे चारून लठ्ठ करतात. जे जनावर शेवटपर्यंत गवतावरच वाढलं, त्याचं मांस ग्रास-फेड. अर्थात महाग. "मावशी, पैसे जातात गं, पण तब्येतीला चांगलं," असं तिचं म्हणणं. मला गंमत वाटते. आपल्याकडे बैल आणि रेडे पिढ्यान् पिढ्या कडबा, पेंढा नि बांधावरचं गवत खाऊनच जगले. मका चारून मांस वाढवायची चैन इथल्या शेतकऱ्याला कधी परवडली? (शहरातल्या तबेल्यातली म्हैस वेगळी, तिला पेंड-भुसा भरपूर असतो.)

मी स्वतः मासे खाणारी, बीफ कधी खाल्लेलं नाही. पण खाणाऱ्यांनी कशासाठी पैसे मोजावेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. गवतावरच्या मांसात चरबी थोडी कमी आणि ओमेगा-३ थोडं जास्त असतं, हे खरं. पण जास्त म्हणजे किती? मुळातच ते इतकं कमी असतं की दुप्पट-तिप्पट होऊनही चिमूटभरच राहतं. तारली किंवा बांगड्याच्या एका तुकडीत त्याच्या कितीतरी पट मिळतं. गवतावरच्या जनावराची चरबी पिवळसर असते, ही तिकडची खूणही आपल्या म्हशीला लागू नाही. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं, मग दोघींनी एकाच कुरणात चरलेलं असो. मांसाचं खरं मोल प्रथिनं, लोह, जस्त आणि बी-१२ यांत आहे, आणि ते जनावराने गवत खाल्लं की मका, यावर फारसं अवलंबून नसतं. मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी चांगलं लागतं. शिवाय ताटातल्या भाकरी-भाजीतलं लोहही ते सोबत ओढून घेतं. हाडाजवळचं, चिवट, स्वस्त मांस कुकरमध्ये चार शिट्ट्या जास्त देऊन शिजवलं तरी यातलं काही कमी होत नाही.

आता आपल्याकडचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला! प्रार्थनेला उभ्या असताना भोवळ येऊन खाली बसणाऱ्या मुली मी नोकरीभर पाहिल्या. त्यांना ग्रास-फेड नको होतं, नुसतं 'फेड' पुरलं असतं.

गरिबाला परवडणारं लाल मांस म्हणजे 'मोठ्याचं' किंवा 'बड्याचं'. बोकडाचं मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात गेलंय, हे त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं. राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यात कापलेल्याचं मांस जवळ बाळगणं गुन्हा नाही, असं ठरवलं. उरली म्हैस आणि रेडा. ते कायद्याने चालतात, पण पिशवीत नेमकं कुठलं मांस आहे हे रस्त्यावरच्या टोळक्याला पटवून कोण देणार? मग माणूस घेणंच सोडतो. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांचा स्वयंपाक आहे. मांस वाळवून केलेल्या चान्या पुढच्या दिवसांसाठी ठेवत. फ्रीज नव्हता तेव्हा ही गरिबाची बेगमी होती. हे पुस्तक आलं तेही २०१५ सालीच.

गाईवर श्रद्धा असणाऱ्यांचा मी अनादर करत नाही, माझ्या आईचीही होती. पण आम्ही सगळे चहात म्हशीचं दूध घालतो. म्हैस भाकड झाली की ती कुठे जाते, तिच्या पारड्याचं काय होतं, हे आम्ही कधी विचारतो का? दूध आमचं आणि पाप खाटकाचं, असा हा हिशेब आहे. आमच्या सानपाड्यात घर भाड्याने देताना 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणणारेही रोज दोन लिटर दूध घेतात. असो.

रोज लाल मांस खावं, असं मी म्हणत नाही. आठवड्याला शिजवलेलं अर्धा किलोच्या आत, हा सल्ला कर्करोगाचा अभ्यास करणारेच देतात. ज्याला हे खायचंच नाही त्याला अंडी आहेत, सुकट आहे, डाळी आहेत. पण त्यातही बघा, नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवून 'लोकसहभागातून करा' म्हणून सांगितलं. ज्या वस्तीतल्या शाळेला अंड्याची खरी गरज, तिथले लोक कसला सहभाग देणार? भाचीला मी सांगितलं, साधं मांस आण, वाचलेल्या पैशात डबाबंद तारली घे. ती म्हणाली, "मावशी, त्याचा वास येतो."