वारली चौक आणि धवलेरीचे गाणे

वारली चित्रकला जगभर पोहोचल्यामुळे वारल्यांचा वारसा सुरक्षित झाला आहे, आणि या समाजाची चित्रे हीच त्याची लिपी असल्यामुळे त्याची भाषाही त्यांतच जपली गेली आहे, असे प्रतिपादन कलाविषयक लेखनात वारंवार आढळते. या पूर्वपक्षाला काही आधार निश्चित आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातील भिंतींवरची ही कला कागदावर आणण्यास उत्तेजन दिले, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली, २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. अनेक कुटुंबांना यातून मान आणि मिळकत मिळाली. तथापि यावरून भाषेविषयी काढलेले अनुमान टिकत नाही.

लिपी म्हणजे उच्चारित ध्वनींसाठी ठरलेल्या चिन्हांची व्यवस्था होय. ती वाचून परक्या माणसालाही तेच शब्द त्याच क्रमाने पुन्हा उच्चारता येतात. वारली चित्रात तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती फिरणारी माणसे पाहून नाच समजतो, पण नाचणारे काय गात आहेत ते समजत नाही. चित्राला लिपी म्हणणे हा गौरव वाटला, तरी त्यामुळे भाषा लिहून ठेवण्याची निकड झाकली जाते आणि म्हणूनच हा गौरव घातक आहे.

लग्नाचा चौक हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. भिंत लिंपून तिच्यावर तांदळाच्या पिठाने सवासिणी हा चौक रेखतात. मधल्या चौकटीत पालघट ही सुफलनाची देवी असते आणि जवळच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. परंतु रेखाटन हा विधीचा एक भाग झाला. लग्न चालवते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी मुखोद्गत असणारी आणि त्या गाण्यांतूनच विधी पार पाडणारी स्त्री. देवदेवतांना आवाहन करणारे शब्द तिच्या मुखी असतात, भिंतीवर नसतात. चौक कापडावर उतरून कलादालनात गेला तेव्हा त्याची रेघ गेली, गाणे पाड्यावरच राहिले. बाजारात चित्राला किंमत आली, गाण्याला आली नाही. इतकेच नव्हे, तर जी कला मुळात स्त्रियांच्या हातची होती, तिच्यातून नावारूपाला आले ते बहुतांशी पुरुष. भौगोलिक निर्देशांकाच्या संरक्षणातही धवलेरीचा एक शब्द येत नाही. या गाण्यांच्या बोलीपुढे आणखी एक अडचण आहे: वारली वस्ती पालघर, नाशिक, दादरा-नगर हवेली आणि दक्षिण गुजरात अशी विभागलेली असल्यामुळे, एकच बोली बोलणारी मुले सीमेच्या अलीकडे मराठीतून आणि पलीकडे गुजरातीतून शिकतात.

वारली ही मराठीचीच बोली असल्याने तिच्या वेगळ्या जतनाची गरज नाही, हा आक्षेप फार काळ विचारात घेण्याजोगा नाही. वर्गीकरण कोणतेही असो, नाहीसे होणारे शब्द तेच राहतात. मौखिक परंपरा लिहिली की मरते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण मराठीचा स्वतःचा इतिहास त्याला उत्तर देतो. तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे ही मुळात विवाहप्रसंगी गायची रचना, आणि महानुभाव पंथीयांनी ती पोथ्यांत जपली म्हणूनच आद्य मराठी कवयित्री आज ज्ञात आहे. लेखनाने ते गीत मारले नाही. वारली धवलेरीच्या गाण्यालाही अशी पोथी लाभायला हवी.

कलेने भाषा वाचू शकते, पण ती शब्दांसह जपली तरच. प्रत्येक चौकासोबत त्याचे गाणे ध्वनिमुद्रित व्हावे, ते देवनागरीत वारली उच्चारांप्रमाणे लिहिले जावे, अर्थ धवलेरीने सांगावा, आणि संग्रहावर तिचे नाव, तिची संमती व तिचा मोबदला या तिन्ही गोष्टी असाव्यात. विधीतील जे उघड करायचे नाही, ते तिने सांगितल्यास वगळले जावे. कणसरी या धान्यदेवतेची कथा गाणाऱ्या भगतांच्या, म्हणजे वारली पुजाऱ्यांच्या, बाबतीतही हेच व्हावे. आश्रमशाळांत चित्रकलेच्या तासाला वारली आकृत्या गिरवून घेण्यात आनंद मानणाऱ्या शासनाने त्याच तासाला धवलेरीला मानधनावर शिक्षिका म्हणून बोलवावे, आणि पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आजच्या वृद्ध धवलेरी हयात असतानाच हे काम हाती घ्यावे.