कोपर दुखते? आधी हाताचे काम विचारा

सुगीचे दिवस आले की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते : "कोपरात कळ येते, विळा धरवत नाही." कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते थंडी भरली. मग तेल चोळले जाते, हाड बसविणाऱ्याकडून हात ओढून घेतला जातो, आणि तरीही भागले नाही म्हणजे शहरात जाऊन एक्स-रे काढला जातो. तो बहुधा निर्दोष निघतो. मग घरची माणसे म्हणतात, "काही झालेले नाही, उगीच कुरकुर!" आमचे म्हणणे असे की, या साऱ्या खटाटोपात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : हा हात दिवसभर करतो काय?

या दुखण्याला डॉक्टर 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. नाव खेळाचे असले तरी दुखणे कष्टकऱ्याचे आहे. मूठ आवळणारे व मनगट आत वळविणारे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्याला कंडरेने जोडलेले असतात. कोयता चालविणे, धार काढणे, खुरपणी, ओले कपडे पिळणे, यांत तीच ती हालचाल हजारो वेळा होते. कंडरेचे तंतू झिजतात आणि भरून येण्याआधीच त्यांवर पुन्हा ताण बसतो. चाळिशी-पन्नाशीत हे अधिक दिसते. बिघाड कंडरेत असतो, हाडात नसतो. म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. त्याचा उपयोग पडल्या-झडल्यावर किंवा सांधा अडकू लागल्यावर.

ओळखावे कसे? हात खाली सोडून तळवा समोर करा. कोपराचा जो उंचवटा अंगाकडे येतो, तो आतला. त्याच्या किंचित खाली व पुढे अंगठ्याने दाबा. दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. मग हात सरळ करून, तळवा वर ठेवून टेबलावर टेका. घरातल्या कोणाला तरी तळवा खाली दाबायला सांगा आणि तुम्ही मनगट वर उचलण्याचा प्रयत्न करा. नेमक्या त्याच जागी कळ उठली, तर संशय बळावतो. कळ बाहेरच्या उंचवट्यावर असेल तर तो भाऊबंद आजार, 'टेनिस एल्बो'. तो याहून अधिक आढळतो. डॉक्टरही मुख्यतः असाच हाताने तपास करतात. ज्या तपासणीत कोपराला बोटही लागत नाही, ती अपुरी समजावी.

पण एवढ्यावर थांबू नये. त्याच उंचवट्याच्या मागून एक नस जाते. कोपर आपटले की झिणझिण्या येतात, ती हीच. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल, तर दुखणे नसेचे असू शकते. इथे कोणी उघड बोलत नाही ती गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. कुष्ठरोगातही हीच नस कोपरापाशी जाड व दुखरी होते. अंगावर बधिर चट्टा असो वा नसो, अशा वेळी विलंब केला तर बोटे वाकडी होतात व ती पूर्ववत होणे कठीण. आपल्या देशात आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. लाज धरून तेल चोळीत बसणे हाच खरा धोका.

कोपर लाल, गरम होऊन ताप आला, किंवा डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण व घाम आला, तर घरगुती तपास करीत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आता आमचा मुख्य मुद्दा. पुरुषाचा हात दुखला की ऊसतोड थांबते, म्हणून त्याची दखल घेतली जाते. बाईचा हात दुखला तर कोणी विचारीत नाही, कारण सकाळ-संध्याकाळची धार, भाकऱ्या थापणे, धुणे पिळणे, हे घरात काम म्हणून मोजलेच जात नाही. जे मोजले नाही ते डॉक्टरांनाही सांगितले जात नाही, आणि रोग हुकतो. दवाखान्यात जाताना हाताच्या कामांची यादी तोंडपाठ करून जावे. निदान अर्धे तिथेच होते.

"विश्रांती घेतली तर पोट कसे भरावे?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हात गळ्यात बांधून बसा असे कोणी सांगत नाही. ज्या कामाने कळ येते ते काही आठवडे दुसऱ्याने करावे. धार मुलाने काढावी, धुणे दोघांनी मिळून पिळावे. विळ्याला धार असावी म्हणजे जोर कमी लागतो; मूठ बारीक असेल तर फडके गुंडाळून जाड करावी. कळ ओसरली की डॉक्टरांना विचारून हलका व्यायाम सुरू करावा. बरे व्हायला काही महिने लागू शकतात. सुई टोचल्याने लवकर आराम पडतो, पण तो पुष्कळदा टिकत नाही; त्या भरवशावर दुसऱ्या दिवशी कोयता उचलू नये.

बैल लंगडला की आपण त्याला जुवाखाली घालीत नाही; आधी खूर पाहतो. घरातल्या माणसाच्या कोपराला निदान तेवढा न्याय मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.