वेलांटी आणि लाल शाई

‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ती ‘क’नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, त्याचा उच्चार ‘य’च्या आधी होतो. वाचनात अडखळणारे मूल नेमके अशाच जागी चुकू शकते, आणि आम्ही मराठीचे शिक्षक लाल शाईने ‘निष्काळजी’ असा शेरा मारून मोकळे होतो.

१९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यातील ७ प्रकारांत या मुलाला जागा नव्हती; २०१६च्या कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. पण चाचणी निदानापाशी थांबते. पुढे शिकवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

अक्षमतेचे मूळ ध्वनींच्या आकलनात आहे, लिपी दुय्यम, असे कोणी म्हणेल. मूळ मान्य, परंतु उपचारात्मक अध्यापन कोणत्या तरी लिपीतूनच करावे लागते. म्हणून शैक्षणिक मानसशास्त्र व विशेष शिक्षण यांच्या पदव्युत्तर वर्गांत देवनागरीची घडण बारकाईने शिकवली जावी, आणि ती शिकवण्यास भाषा विभागांनी पुढे यावे, असे आमचे मत आहे. शुद्धलेखनाचा कैवार आम्ही पुष्कळ घेतला. आता चुकीमागचे कारण वाचायलाही आम्ही शिकले पाहिजे.